व्यवस्थापनाचा खर्च: शून्य

आमच्या गावातलं टॉमलिन हाउस बंद पडलं, त्यात माझा हात होता. सह्यांचा कागद आमच्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी होता, त्याला दोरीने बांधलेलं पेन माझं होतं आणि पहिली सही माझीच होती. एव्हरिल स्कॉफिन, वय बाहत्तर. लोक आता म्हणतात, अगं, तू काय एकटी होतीस का? एकटी नव्हते हे खरं. पण सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता, आणि तो साऱ्या गावाने ऐकलाय.

टॉमलिन हाउस म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना दिवसभर सांभाळणारं घर. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला त्यांची छोटी बस दारात यायची, माझ्या नवऱ्याला, डेसला, घेऊन जायची आणि दुपारी चारला परत आणून सोडायची. डेस तीस वर्षं मासळीच्या धक्क्यावर होता. युनियनचा माणूस. त्याने हात वर केला की दोनशे माणसं काम थांबवायची, आणि मालक मोटारीतून उतरून त्याच्याशी बोलायला यायचे. तोच माणूस आता मोजा हातात धरून विचारतो, "हे कशाचं आहे?" मी कोण हे त्याला कधी आठवतं, बहुतेक वेळा नाही. अंगाला हात लावलेला खपत नाही. एकदा त्याने मला ढकललं तेव्हा माझं मनगट मोडलं, आणि दवाखान्यात मी सांगितलं की पायरीवरून पडले.

म्हणून ते तीन दिवस. सोमवारी बस वळली की मी कपड्यांसकट पलंगावर पडायची आणि तीनला घड्याळ वाजलं की उठायची. शुक्रवारी बाजार, बँक, डॉक्टर. आणि बुधवारी मी टॉमलिनच्याच दुकानात फुकट काम करायची, कारण फुकटचं घेऊन गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. लोकांनी दिलेले जुने कपडे, पुस्तकं, कपबशा विकायचं ते दुकान. मी वाफेच्या इस्त्रीवर, नोरीन गल्ल्यावर. मागच्या खोलीत किटली, बिस्किटांचा डबा आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर असेल. कुणीतरी पुस्तकांच्या पेटीत संस्थेचा वार्षिक अहवाल टाकला होता. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आमच्याच बसचा फोटो. नोरीनला काहीही वाचायला लागतं, अगदी सूपच्या डब्याचं लेबलसुद्धा. चहा पिता पिता तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"एव्हरिल, हे बघ काय लिहिलंय. वर्षाला साठ हजारांच्या वर पगार असलेले कर्मचारी. साठ ते सत्तर, कुणी नाही. सत्तर ते ऐंशी, कुणी नाही. असं खाली खाली जा. एक लाख दहा ते एक लाख वीस हजार पौंड, एक."

"एक काय?"

"एक माणूस, बाई! अजून काय असणार, एक शेळी?"

नाव लिहीत नाहीत तिथे, नुसता आकडा. पण तो एक कोण हे आम्हाला विचारावं लागलं नाही. हॅरिएट वेन. संस्थेची मुख्य अधिकारी. लंडनकडचं बोलणं, करडे केस नीट कापलेले, आणि दुकानात आली की "सगळं ठीक ना?" विचारून उत्तर ऐकायच्या आत फोनकडे बघायची.

माझ्या हातात तेव्हा कुणा मेलेल्या बाईचा कोट होता. तो चार पौंडांना विकायचा की पाच, यावर आम्ही सकाळी दहा मिनिटं वाद घातला होता. मला असा संताप आला की काय सांगू. चार पौंडांचे कोट विकून विकून आम्ही हिचं घर भरत होतो! आणि डोरोता? टॉमलिनमधली डोरोता डेसला अंघोळ घालायची, त्याच्या शिव्या खायची, पोलिश गाणी म्हणत त्याची दाढी करायची. तिला तासाला कायद्याने द्यावाच लागतो तेवढाच पगार, वर दहा पेन्स. ते दहा पेन्स म्हणे कौतुकाचे.

घरी जाऊन मी डेसला सांगितलं. सांगायचं म्हणून. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं.

"टॉमलिनची ती हॅरिएट आहे ना, तिला वर्षाला एक लाख अठरा हजार मिळतात." नेमका आकडा तोवर नोरीनने कुणाकडून तरी काढला होता.

डेसने बशीतला बटाटा बाजूला सारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा तो पूर्वी वर्तमानपत्रावरून पाहायचा. "एक लाख अठरा? शाब्बास. चांगली भांडली असेल."

"अरे, पण देणगीचे पैसे आहेत ते!"

"पैसा कुणाचा का असेना. फुकट राबणाऱ्याला मालक विचारत नाही, एव्ह." एव्ह म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग त्याने बटाटा उचलून खिशात ठेवला.

मी त्याचं ऐकायला हवं होतं, असं आता वाटतं. पण खिशात बटाटा ठेवणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

पुढच्या बुधवारी सह्यांचा कागद लागला. 'देणगी गरजूंसाठी, चैनीसाठी नाही.' वाक्य माझंच. जानेवारीच्या आत एकोणीसशे सह्या. गावातल्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर आमचा फोटो छापला: मी, नोरीन, मध्ये इस्त्री. लोक दुकानात येऊन पाठ थोपटून जायचे. मला इतकं महत्त्व आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

सही दिली नाही ती फक्त डोरोताने. मी कागद घेऊन मुद्दाम टॉमलिनच्या दारात उभी राहिले होते.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"का गं? तुझ्याच बाजूचं आहे ना हे!"

"कुठे लिहिलंय माझ्या बाजूचं? तिचे कमी केले की माझे वाढतील, असं आहे का या कागदावर? दाखवा."

तसं नव्हतं. आम्हाला सुचलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, नोकरीला घाबरते बिचारी, आणि कागद घडी करून पिशवीत टाकला.

आणि एका बुधवारी हॅरिएट स्वतः दुकानात आली. एकटी. नोरीन पटकन मागे किटलीकडे पळाली. हॅरिएटने कागद उचलला आणि वरचं नाव वाचलं.

"एव्हरिल, म्हणजे तुम्हीच ना? डेसच्या."

तिला डेसचं नाव माहीत होतं याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, "हो, मीच. लाज नाही वाटत तुम्हाला? माझी पेन्शन तुमच्या एका महिन्याइतकी नाही वर्षाला."

"पगार जास्त आहे, मला मान्य आहे," ती म्हणाली. "डोरोताचा कमी आहे, तेही मान्य आहे. माझा अर्धा सगळ्या सेविकांना वाटला तर तासाला पन्नास पेन्स येतात. मी हिशेब करून पाहिलाय."

"मग वाटा ना! पन्नास तर पन्नास. तिला तेही हवेच आहेत."

कागद परत जागेवर ठेवून ती म्हणाली, "मी काय करते ते मी कधी तुम्हाला सांगितलंच नाही, नाही का." प्रश्न होता की काय होतं कळलं नाही. मी इस्त्रीचं बटण दाबलं. वाफेचा आवाज इतका मोठा असतो की समोरच्याला निघून जावंच लागतं.

फेब्रुवारीत तिने राजीनामा दिला. लीड्सला, कसल्याशा मोठ्या संस्थेत गेली, तिथे पगार आणखी जास्त असं ऐकलं. आम्ही मागच्या खोलीत केक कापला. तिच्या जागी विश्वस्तांपैकी मिस्टर ऑल्डरसन आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, शहात्तर वर्षांचे, अर्ध्या गावाला त्यांनी व्याकरण शिकवलेलं. एक पैसा घेणार नाही म्हणाले. बसने यायचे, घरून सँडविच आणायचे, चहाचे पैसेसुद्धा डब्यात टाकायचे. देवमाणूस. आम्ही म्हणायचो, बघा, याला म्हणतात सेवा. मी त्यांच्यासाठी कोट बाजूला काढून ठेवला, तर त्याचेही पाच पौंड त्यांनी मोजून दिले.

टॉमलिनला खरा पैसा देणगीतून येत नसे, कौन्सिलकडून, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडून, यायचा. हे मला तेव्हा अर्धवट ठाऊक होतं. दर तीन वर्षांनी कौन्सिल निविदा मागवायची: गावातल्या या साठ माणसांना कोण सांभाळेल, कसं, किती पैशात. आजवर टॉमलिनच सांभाळत आलं होतं, तर पुढेही टॉमलिनच सांभाळणार, यात आम्हाला काही शंका नव्हती. सूर्य उगवणार की नाही याची कुणी चिंता करतं का?

मेमध्ये मिस्टर ऑल्डरसन त्या वर्षीच्या निविदेचा फॉर्म दुकानात घेऊन आले. चाळीस पानं. पंधरा दिवस खपून भरला होता. आम्हाला दाखवायचा होता, कारण आमच्यामुळेच ते शक्य झालं असं त्यांचं म्हणणं. कपड्यांच्या टेबलावर त्यांनी एक पान उलगडलं आणि एका चौकटीवर बोट ठेवलं.

"वाचा, मिसेस स्कॉफिन. मोठ्याने."

मी वाचलं. "व्यवस्थापनाचा खर्च: शून्य."

"शून्य!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि इथे बघा. बसचा चालक, स्वयंसेवक. स्वयंपाक, स्वयंसेवक. गेल्या खेपेपेक्षा एक तृतीयांश कमी मागितलेत आपण. पैसा शेवटी गावाचाच आहे. वाचवला पाहिजे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकांनीसुद्धा वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

जूनच्या शेवटी कौन्सिलचं पत्र आलं. काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. ती कंपनी टॉमलिनसारखं दिवसभराचं घर चालवत नाही. घरी सेविका पाठवते, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. आमच्या अर्जाबद्दल दोन ओळी होत्या: साठ आजारी माणसांची जबाबदारी पगारी माणसाविना कोण घेणार हे स्पष्ट होत नाही. एवढ्या कमी पैशात काम तीन वर्षं टिकेल असं वाटत नाही.

टॉमलिन हाउस सप्टेंबरअखेर बंद होणार होतं.

हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही बसच्या चालकाकडून. मी तडक दुकानात गेले. मिस्टर ऑल्डरसन कपडे बदलायच्या खोलीतल्या स्टुलावर बसले होते, पडदा अर्धा उघडा. मी भांडायलाच गेले होते. पण त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती, आणि वाकून ती बांधायचं त्यांना सुचत नव्हतं. हे लक्षण मी घरी रोज बघते. त्यांना तो आजार नव्हता. दुःखानेही माणूस असाच होतो.

"मी रात्र रात्र जागून भरला हो तो," ते म्हणाले.

मी खाली बसून त्यांची नाडी बांधली. दुसरं काय करणार?

पण मला हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नव्हतं. मिस्टर ऑल्डरसन हरले तर घरी जाऊन झोपू शकतात. मला झोपायचा वार म्हणजे सोमवार, आणि तोच जाणार होता. मी कौन्सिलला फोन केले, चार खात्यांत फिरले, सगळीकडे गोड आवाजात सांगितलं की निर्णय झालेला आहे. तेव्हा मी ज्या बाईला घालवलं होतं तिच्याच दारात जायचं ठरवलं. अडला हरी, दुसरं काय.

डेसला कुठे ठेवणार? मंगळवार होता. घेऊनच गेले. लीड्सची गाडी, एक बदली, दोन तास. गाडीत त्याने समोरच्या मुलीला तिकिटाऐवजी रुमाल दाखवला. मी पिशवीत त्याच्या दोन पँट घेतल्या होत्या, दोन्ही लागल्या.

काचेची इमारत. खाली टेबलाशी मी नाव सांगितलं, तेव्हा आतून वाटत होतं की ती खाली येऊच नये. पण पाच मिनिटांत आली. पहिल्यांदा डेसपाशी गेली, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. "डेस, कसे आहात?"

"मालकीण का तू इथली?" डेस म्हणाला.

"मालकीण नाही. पण पगार घेते."

"युनियनमध्ये ये," डेस म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मी सगळं भडाभडा ओकले. फॉर्म, शून्य, पत्र, सप्टेंबर. माफी मागायची ठरवून आले होते, ती मध्येच कुठेतरी राहून गेली. शेवटी म्हटलं, "तुम्ही असता तर काय केलं असतं ते सांगा. मी करते. मिस्टर ऑल्डरसनना जमणार नाही, पण मी करते. कुणाच्या पाया पडायचं ते सांगा."

"पत्र कधी आलं?"

"तीन आठवडे झाले. चार होतील."

तिने डोळे मिटले. "पत्र आल्यापासून दहा दिवस असतात, एव्हरिल. दहा दिवसांत लेखी हरकत घेतली तर कौन्सिलला करार थांबवावा लागतो, पुन्हा बघावं लागतं. त्यानंतर सही होते. मग कुणाचाच इलाज नाही. मिस्टर ऑल्डरसननी हरकत घेतली नाही?"

मला माहीत होतं त्यांनी काय केलं ते. मी नाडी बांधत असताना त्यांनीच मला सांगितलं होतं, तेवढं मात्र अभिमानाने. त्यांनी कौन्सिलला आभाराचं पत्र लिहिलं होतं. शाईच्या पेनाने. आपण आमच्या अर्जाचा विचार केलात याबद्दल आभारी आहोत, आणि यशस्वी संस्थेला आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सामना हरल्यावर पंचाशी वाद घालणारा माणूस त्यांच्या शाळेत कधी तयार झाला नव्हता.

हॅरिएटला हे सांगितलं तेव्हा ती हसली. वाईट हसली नाही, हसूच असं आलं की लगेच ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "आपण मागेही हरलो होतो. दोनदा. दोन्ही वेळा मी तिसऱ्या दिवशी वकील घेऊन कौन्सिलमध्ये बसले होते. एकदा अकरा तास."

"दोनदा? आम्हाला कुणी बोललं नाही!"

"साठ घरांना घाबरवायचं कशाला? जमलं ना शेवटी."

मला तिला मारावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तोंडाने म्हटलं, "अहो, मग सांगायचं होतंत ना त्या दिवशी दुकानात! मी इस्त्री बंद केली असती!"

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. मला वाटलं, पगाराचं समर्थन करत बसणं बरं दिसणार नाही."

म्हणजे ही पण त्यातलीच. बरं दिसणार नाही म्हणून ती गप्प राहिली, बरं दिसणार नाही म्हणून मिस्टर ऑल्डरसननी हरकत घेतली नाही. गावभर सगळी माणसं बरं दिसण्यात गुंतली होती आणि डेसची बस गेली.

"परत याल का?" मी विचारलं. विचारताना मला माझाच आवाज ओळखू येईना. "सांगाल तितका पगार. मी सह्या गोळा करीन. तुमच्या बाजूने. एकोणीसशे केल्या होत्या, मी तीन हजार करीन."

"कशाकडे परत येऊ, एव्हरिल?" ती हळू म्हणाली. "इमारत भाड्याची आहे, सप्टेंबरात जाईल. माणसं जातील. आता मलाही ते जमणार नाही."

तिने आम्हाला स्टेशनपर्यंत गाडी करून दिली. भाडं तिने दिलं. मी घेतलं, नाही म्हणाले नाही. फुकटचं घेऊन गप्प बसायला मी त्या दिवशी शिकले.

एवढं होऊनही एक लाख अठरा हजार बरोबर होते असं मी म्हणणार नाही. नोरीन विचारते, "मग किती बरोबर होते गं?" मला आकडा सांगता येत नाही. साठ? ऐंशी? अकरा तास वकिलाशेजारी बसायचे किती? डोरोताने खाल्लेल्या शिव्यांचे किती? मी रोज रात्री मनात वेगळा आकडा लावते आणि सकाळी तो चूक वाटतो.

टॉमलिन बंद झालं. शेवटच्या शुक्रवारी डोरोताने डेसची दाढी केली आणि गाणं म्हटलं नाही. ती आता सुपरमार्केटमध्ये फळांना भावाच्या चिठ्ठ्या लावते, तासाला एक पौंड जास्त मिळतो. मिस्टर ऑल्डरसन मला बघितलं की रस्ता बदलतात. दुकानाच्या जागी नखं रंगवायचं दुकान आलंय.

कंपनीची सेविका येते. येते म्हणजे, आली तर येते. वीस मिनिटांतली सात मिनिटं फोनवर काहीतरी भरण्यात जातात. डेस अनोळखी माणसाला हात लावू देत नाही, त्यामुळे ती लिहून जाते: 'नकार दिला.' मग अंघोळ माझ्यावर. रोज, आठवड्याचे सातही दिवस. मनगट पुन्हा दुखतंय. परवा जिन्यात बसले होते तेव्हा मनात आलं की दार उघडं टाकून चालू लागावं, धक्क्याच्या टोकापर्यंत. आलं मनात. लपवत नाही.

आज सकाळची गोष्ट. डेसला न्हाणीघरात खुर्चीवर बसवलं, पाणी कोमट केलं, फडक्याला साबण लावला. खांदे झाले, हात झाले. एकदम त्याने माझा हात धरला. दुखेल असा नाही. माझ्याकडे नीट बघितलं, धक्क्यावर नवीन आलेल्या कामगाराकडे बघायचा तसं.

"तू इथे कामाला का, पोरी?"

"हो," मी म्हटलं. हो म्हटलं की तो लवकर शांत होतो.

"किती देतात?"

खरं तेच बाहेर पडलं. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फुकट करते."

त्याने माझा हात बाजूला केला. तोंड लाल झालं, मान ताठ झाली, आणि तो आवाज, जो मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता, तो न्हाणीघरात घुमला. "फडकं खाली ठेव. आत्ताच्या आत्ता. एकाने फुकट केलं की दहा जणांची मजुरी बुडते, कळतं का? जा घरी. घरी कुणी आहे का तुला?"

"नवरा आहे."

"मग जा त्याच्याकडे. वाट बघत असेल बिचारा. इथलं इथले बघतील. पगारी माणूस पाठवावाच लागेल त्यांना, न पाठवून जातात कुठे!"

मी फडकं खाली ठेवलं. बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. आतून तो ओरडत होता, "कुणीही आत यायचं नाही! पगारी माणूस पाठवा!" पाणी गार होत होतं. त्याला लगेच सर्दी होते, छातीत कफ धरतो. पाठवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी एप्रन काढला. नोरीनने दिलेला निळा अंगरखा खुंटीला होता, तो चढवला. केस मागे बांधले. दारावर टकटक केली आणि आत गेले.

"नमस्कार, मिस्टर स्कॉफिन. मी नवीन आहे. अंघोळ घालायला आले."

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पगार आहे ना?"

"आहे."

"किती?"

"वर्षाला एक लाख अठरा हजार."

डेसने शीळ घातली. अंग सैल सोडलं, खुर्चीत पुढे वाकला आणि पाठ माझ्याकडे केली.

"शाब्बास, पोरी," तो म्हणाला. "मग नीट घास."

मी त्याची पाठ घासली.